विलक्षणाचे स्मरण : दूरचित्रवाणीवरील जुन्या कार्टूनपटांविषयी

१

ज्या कलाकृती आपण बालपणी पाहिल्या आणि ज्यांचे आकर्षण प्रौढपणीही ओसरले नाही, त्यांच्याविषयी समीक्षकाने काय म्हणावे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने सहसा टाळला आहे. तो टाळण्याचे कारणही उघड आहे. बालपणी जे आवडले ते चांगलेच होते असे मानणे म्हणजे स्वतःच्या आयुष्याला कलेचे प्रमाणपत्र देणे होय. आणि ते सारे बालिश होते असे म्हणून झटकून टाकणे म्हणजे ज्या अनुभवातून आपली अभिरुची प्रथम घडली त्या अनुभवाशीच कृतघ्नपणा करणे होय. या दोन टोकांमधला मार्ग शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात एक विशिष्ट उदाहरण घेतले आहे. दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या जुन्या कार्टूनपटांपैकी जे सर्वमान्य, गोंडस, नीटनेटके होते त्यांच्याविषयी येथे लिहावयाचे नाही. जे चमत्कारिक होते, बेढब होते, ज्यांतील हालचाल अडखळत होती किंवा ज्यांतील भय बालकाला झेपणारे नव्हते, त्यांच्याविषयी आज अनेक सुविद्य प्रौढांच्या मनात एक प्रकारची हुरहुर आढळते. ही हुरहुर नेमकी कशाची, आणि तिच्यात कलाविषयक निर्णय कितपत दडलेला आहे, एवढाच आपला प्रश्न आहे.

स्मरणरंजन हा शब्द मराठीत थोड्याशा उपहासानेच वापरला जातो, आणि तो उपहास अगदी अनाठायी नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील जी विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी एक म्हणजे 'निजसुखादिविवशीभाव'. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांच्या स्वाधीन झालेला असला की समोरच्या नाट्याशी तो एकरूप होऊ शकत नाही. म्हणूनच गीत, वाद्य, सुशोभित मंडप यांची योजना करून त्याला त्याच्या खाजगी व्यापातून सोडवावे लागते, असे त्याचे प्रतिपादन आहे. स्मरणरंजन हा या विघ्नाचाच एक गोड प्रकार म्हणावा लागेल. येथे प्रेक्षक दुःखाने नव्हे, तर स्वतःच्या भूतकालीन सुखाने विवश झालेला असतो. पडद्यावर काय चालले आहे याकडे त्याचे लक्षच नसते. त्या वेळचे घर, ती दुपार, आता हयात नसलेली माणसे यांच्याकडे ते लागलेले असते. कलाकृती ही केवळ निमित्तमात्र. तिच्या जागी एखादा वास किंवा एखादे जुने कापड असते तरी तेवढेच काम झाले असते.

याचे एक सौम्य आणि आदरणीय उदाहरण आपल्याकडेच आहे. विजया मुळे यांनी १९७४ साली दिग्दर्शित केलेला आणि भीमसैन यांच्या रेखाटनाने सजलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शनवरून पुनःपुन्हा दाखविला गेला आणि देशभरच्या एका पिढीला तो आजही पाठ आहे. या कृतीचे गुण निर्विवाद आहेत. पण तिच्या स्मरणात जे सुख आहे ते मीलनाचे सुख आहे. सर्वांनी एकच गोष्ट पाहिली, सर्वांना ती कळली, सर्वांना तिचा अर्थ एकच लागला, याचे ते समाधान आहे. कृतीचा संदेशही तोच असल्यामुळे स्मरण आणि आशय येथे परस्परांना पूरक ठरतात. विलक्षण कार्टूनपटांचे स्मरण याच्या नेमके उलट असते. ते पाहताना सुख वाटले होते असे कोणी सांगत नाही. भीती वाटली होती, किंवा काही कळले नव्हते, किंवा हसावे की उठून जावे हे ठरविता आले नव्हते, असेच लोक सांगतात. आणि तरीही त्यांना ते पुन्हा पाहावयाचे असते. जे सुखकर नव्हतेच त्याच्या आठवणीने मनोरंजन होत असेल, तर स्मरणरंजनाची नेहमीची उपपत्ती येथे अपुरी पडते हे मान्य करावयास हवे.

२

या कृती विलक्षण का झाल्या, याचे पहिले उत्तर कलाविषयक नसून आर्थिक आहे. चित्रपटाच्या पडद्यावरून एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन दोन चौकटींवर टिपले तरी सेकंदाला बारा चित्रे काढावी लागतात. चित्रपटगृहांसाठी तयार होणारे सात-आठ मिनिटांचे कार्टूनपट या खर्चिक पद्धतीने निर्माण होत. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली आणि चित्रपटगृहांचे गणित बिघडले. 'टॉम अँड जेरी'चे ११४ लघुपट करून सात ऑस्कर पारितोषिके मिळविणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचा विभागच एम. जी. एम. कंपनीने १९५७ मध्ये बंद केला. त्या दोघांनी त्याच वर्षी स्वतःची संस्था काढली आणि दूरचित्रवाणीसाठी काटकसरीची पद्धत रूढ केली: देह स्थिर ठेवावयाचा आणि फक्त तोंड, हात किंवा पापण्या हलवावयाच्या, एकच पार्श्वभूमी पुनःपुन्हा फिरवावयाची, आणि चित्राने जे सांगावयाचे ते संवादाने सांगावयाचे.

काटकसरीच्या या वाटेवर सर्वांत टोकाला पोहोचली ती १९५९ मध्ये सुरू झालेली 'क्लच कार्गो' ही साहसमालिका. तिच्यात चित्रे जवळजवळ हलतच नाहीत. पण पात्र बोलू लागले की चितारलेल्या चेहऱ्यावर खऱ्या माणसाचे ओठ हलताना दिसतात. नटाच्या ओठांचे चित्रण चित्रावर बसविण्याच्या या युक्तीला तिच्या निर्मात्यांनी 'सिंक्रो-व्हॉक्स' असे भारदस्त नाव दिले होते. हेतू केवळ पैसा वाचविण्याचा होता. परिणाम मात्र असा झाला की, वैमानिकाच्या साध्यासुध्या साहसकथेत प्रत्येक चेहऱ्यावर एक मांसल, ओलसर, जिवंत छिद्र उघडझाप करीत राहिले. कथेला भय अभिप्रेत नव्हते. ते तिच्या अंगावर आपोआप उमटले होते. ही मालिका पाहिलेल्या माणसांना तिच्यातील एकही प्रसंग सांगता येत नाही, पण ते ओठ मात्र आठवतात. येथे विलक्षणता आहे, परंतु ती अपघाताने आलेली आहे आणि कृतीने तिचे काहीच केलेले नाही. विलक्षणता ही स्वतःच एक मूल्य आहे असे मानणाऱ्यांना 'क्लच कार्गो' हे उत्तम उत्तर आहे.

मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेत संवाद, विरोध आणि समतोल या तीन प्रकारच्या लयी मानल्या. त्यांची परिभाषा या माध्यमाला लावून पाहिली तर काटकसरीच्या चलनातही कलेची शक्यता कशी असते हे ध्यानात येते. सर्व काही सतत हलत असेल तर स्थिरता ही घटना होऊ शकत नाही. याउलट बहुतेक काळ सारे स्थिर असेल तर एका पापणीची उघडझापही वाक्यातील क्रियापदाप्रमाणे भरीव ठरते. १९५९ मध्ये सुरू झालेल्या आणि १९६४ पर्यंत चाललेल्या, जे वॉर्ड आणि बिल स्कॉट यांच्या 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स' या मालिकेने नेमका हाच लाभ उठविला. तिची रेखाटने मेक्सिकोतील एका स्टुडिओत स्वस्तात करवून घेतली जात, आणि ती कमालीची ओबडधोबड असत. उडती खार आणि मंदबुद्धी मूस यांची ही कथा. पहिलेच साहस ४० भागांपर्यंत लांबलेले, खलनायक पॉट्सिल्व्हेनिया नावाच्या कल्पित देशाचे हेर, आणि पात्रे वेळप्रसंगी निवेदकाशीच हुज्जत घालणारी. चित्र दरिद्री असल्यामुळे सारा भार शब्दावर पडला आणि शब्दाने तो हसत उचलला. शीतयुद्धाच्या ऐन काळात हेरगिरी, सेना आणि शासन या तिन्हींची टवाळी मुलांच्या कार्यक्रमातून होत होती, आणि ती चालून गेली याचे एक कारण बहुधा हेच की इतक्या गबाळ्या चित्रांकडे गंभीरपणे पाहावे असे कोणाला वाटलेच नाही. दारिद्र्य येथे शैली झाले आहे. 'क्लच कार्गो'त ते दारिद्र्यच राहिले होते.

३

याहून गुंतागुंतीचे उदाहरण जीन डाइच यांनी प्राग येथे केलेल्या तेरा 'टॉम अँड जेरी' लघुपटांचे आहे. हे १९६१ आणि १९६२ मध्ये चित्रपटगृहांसाठी प्रदर्शित झाले; परंतु त्यांची खरी हयात दूरचित्रवाणीवर गेली. कार्टून नेटवर्क ही वाहिनी १९९५ मध्ये भारतात आली, त्यानंतरच्या पिढीला मांजर-उंदराच्या या दोघांची कथा ओळखीची झाली. आणि त्या ओळखीच्या कथेत मध्येच केव्हा तरी एखादा अनोळखी, घुमणाऱ्या आवाजाचा, झटक्याझटक्याने हलणारा लघुपट येत असे. तो वेगळ्या हातांनी, वेगळ्या देशात केला आहे हे मुलांना ठाऊक नव्हते. काही तरी बिघडले आहे एवढेच त्यांना जाणवे.

डाइच हे अमेरिकन कलावंत १९५९ मध्ये दहा दिवसांच्या कामासाठी म्हणून प्रागला गेले आणि तेथेच राहिले. २०२० मध्ये त्यांचा मृत्यूही तेथेच झाला. त्यांच्या 'मन्रो' या लघुपटाला ऑस्कर मिळाले होते. ज्या चेक कलावंतांकडून त्यांनी हे काम करवून घेतले त्यांची परंपरा यिरी त्रन्कासारख्या बाहुलीपटकारांनी घडविलेली, काव्यात्म आणि संथ होती; हॉलिवूडच्या मांजर-उंदरांचा त्यांना फारसा परिचय नव्हता. निर्मिती लोखंडी पडद्यापलीकडे होत होती, परंतु लघुपटांच्या अखेरीस त्या हॉलिवूडमध्ये झाल्याचेच नमूद केलेले असे. ध्वनिपरिणामांत टॉड डॉकस्टेडर या विद्युत्संगीतकाराचा हात होता, आणि त्यामुळे साध्या पडण्याआपटण्यालाही रिकाम्या टाकीत घुमल्यासारखा आवाज येई. म्हणजे ओळखीच्या दोन पात्रांच्या देहात दुसऱ्याच परंपरेचे हात, दुसरेच कान आणि दुसरीच गती वावरत होती.

या मालिकेतील पहिल्याच लघुपटात एक शास्त्रज्ञ प्राण्यांच्या मनांची अदलाबदल करतो आणि मांजर भुंकू लागते. निर्मात्यांचा तसा हेतू असो वा नसो, या तेराही लघुपटांचे याहून चपखल रूपक सापडणार नाही. देह टॉमचाच आहे. आतून भुंकणारे मात्र कोणी दुसरेच आहे.

आता यांचा कलादृष्ट्या निर्णय काय करावा? हॅना-बार्बेरा यांच्या मूळ लघुपटांत हिंसा पुष्कळ आहे. पण ती खेळाच्या नियमांनी बांधलेली आहे. देह चेपतो, फाटतो, पुन्हा पूर्ववत होतो; वेदना ही चेंडूच्या वजनासारखी असते, खेळासाठी आवश्यक पण खेळाबाहेर निरर्थक. डाइच यांच्या काही लघुपटांत टॉमचा एक स्थूल, संतापी मालक येतो आणि त्याला बदडतो. एक प्राणी दुसऱ्याला फसवीत असतो तोवर आपण खेळ पाहत असतो. पण माणूस जनावराला मारू लागला की आपण घर पाहू लागतो. तेथे हास्याचा आधारच निसटतो. नियमांनी पेललेली हिंसा नियमाबाहेर पडते, आणि जे उरते त्याला ना हास्य म्हणता येत, ना करुण. हे अपयश आहे, आणि आठवणीच्या मोहाने त्याला वेगळे नाव देण्याचे कारण नाही.

मात्र याच तेरांत 'द टॉम अँड जेरी कार्टून किट' हा १९६२ चा लघुपट आहे. त्यात या मालिकेचे लघुपट कसे बनवावेत यासाठीचे साहित्य एका खोक्यातून बाहेर निघते: एक मांजर, एक उंदीर, काही हत्यारे, कलिंगडाची एक फोड. ज्या परंपरेत आपण उपरे आहोत तिच्याकडे उपऱ्याच्या डोळ्यांनी पाहून, तिचे सुटे भाग मोजून मांडण्याचे धैर्य येथे दिसते. उपरेपण ही या लघुपटांची उणीवही आहे आणि क्वचित त्यांची दृष्टीही आहे. दीर्घकाळ हेटाळले गेलेले हे तेरा लघुपट २०१५ मध्ये स्वतंत्र संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्याविषयीच्या नव्या आस्थेत हे दोन्ही मिसळून गेले होते. समीक्षकाचे काम ते पुन्हा वेगळे करण्याचे आहे.

४

येथवरच्या उदाहरणांत विलक्षणता बाहेरून आली होती: दारिद्र्यातून, किंवा दोन परंपरांच्या विजोड संयोगातून. ती आतून, हेतुपुरस्सर निर्माण झाली असता काय होते हे पाहण्यासाठी जॉन डिलवर्थ यांच्या 'करेज द कावर्डली डॉग' या मालिकेकडे वळले पाहिजे. तिचे बीज असलेला लघुपट १९९६ चा. त्याला ऑस्करसाठी नामांकन मिळाले होते. मालिका १९९९ ते २००२ या काळात ५२ भागांत प्रसारित झाली. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या भारतीय वाचकांपैकी अनेकांना ती निश्चितच आठवेल.

तत्पूर्वी विकृतीच्या स्वरूपाविषयी एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष, विकृत अलंकार यांची गणना केली आहे. परंतु विकृती ही भयाचीही जननी असू शकते. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते असेही भरतच सांगतो. तेव्हा विकृत रूप समोर आले की प्रेक्षक एका दुबेळक्यापाशी उभा राहतो. आपल्याला काही अपाय नाही अशी खात्री पटली तर तो हसतो; ती पटली नाही तर भितो. सामान्य कार्टूनपट ही खात्री पहिल्याच क्षणी देऊन टाकतो. विलक्षण कार्टूनपट ती देत नाही. तो प्रेक्षकाला त्या दुबेळक्यावरच थांबवून धरतो. सुकुमार राय यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या बंगाली 'आबोल ताबोल'च्या आरंभी, हे पुस्तक खेयालरसाचे आहे आणि ज्यांना तो रस चाखता येत नाही त्यांच्यासाठी ते नाही, असे बजावले होते. नऊ रसांच्या यादीत नसलेल्या या रसाला वेगळे नाव द्यावेसे त्यांना वाटले, यातच त्यांची मार्मिकता आहे. हास्य आणि भय यांच्या सीमेवर अनिर्णीत राहणे हा एक स्वतंत्र आस्वाद आहे. मराठी बालकवितेत विंदा करंदीकरांच्या 'एटू लोकांचा देश' या १९६३ च्या संग्रहाने हाच प्रदेश आपलासा केला.

'करेज'मधील रचना अत्यंत साधी आहे. कॅन्सस राज्यात 'नोव्हेअर', म्हणजे 'कोठेच नाही', अशा नावाचे एक गाव. सपाट, ओसाड माळावर एकच घर. त्यात म्युरिएल नावाची मायाळू म्हातारी, युस्टेस नावाचा तिचा कंजूष व तिरसट नवरा, आणि म्युरिएलने पाळलेला भित्रा कुत्रा. प्रत्येक कथेत या घरावर काही तरी अघोर चालून येते. कुत्र्याला ते आधी दिसते. पण सांगता येत नाही. तो धोक्याची नक्कल करतो, अंगाचे नाना आकार करून दाखवितो. म्हातारीला वाटते, हा खेळतो आहे. बालकाच्या अवस्थेचे इतके अचूक चित्र बालकांसाठीच्या कृतींत क्वचित आढळते. ज्याला दिसते त्याला भाषा नाही, आणि ज्यांच्यापाशी भाषा आहे त्यांना दिसत नाही. लहान मुलांना ही मालिका भयंकर वाटली आणि तरीही ती त्यांनी सोडली नाही, याचे मर्म येथे असावे. त्यांची स्वतःची कुचंबणा पडद्यावर कोणी तरी ओळखली होती.

या मालिकेतील सर्वाधिक स्मरणात राहिलेली कथा रॅमसिस राजाच्या शापाची. चोरीला गेलेली एक प्राचीन शिळा घरी येते. रात्री माळावर राजाची आकृती उभी राहते आणि शिळा परत मागते. युस्टेस लोभापायी ती देत नाही, आणि मग जलप्रलय, कर्कश संगीत व टोळधाड अशी एकेक आपत्ती येते. या कथेतील भय कोठून येते हे बारकाईने पाहावे. बाकी सर्व पात्रे हाताने चितारलेली, सपाट आणि रंगीत आहेत. राजाची आकृती मात्र संगणकावर घडविलेली, त्रिमितीय, कृश आणि अस्वाभाविक रीतीने डुलणारी आहे. ती इतरांसारख्या द्रव्याची बनलेलीच नाही. ती दुसऱ्या जगातून आली आहे हे सांगण्यासाठी शब्दांची गरजच उरत नाही. माध्यमच ते सांगते.

'क्लच कार्गो'तील ओठांची येथे आठवण व्हावी. युक्ती तत्त्वतः एकच आहे: चितारलेल्या जगात परक्या द्रव्याचा प्रवेश. पण तेथे परकेपण प्रत्येक पात्राच्या तोंडावर सरसकट चिकटविलेले असल्यामुळे ते निरर्थक झाले होते. येथे ते एकाच आकृतीसाठी राखून ठेवल्यामुळे अर्थपूर्ण झाले आहे. विलक्षणता ही साधनात नसून साधनाच्या विनियोगात असते, एवढा धडा या दोन उदाहरणांच्या तुलनेतून मिळतो.

परंतु केवळ भय निर्माण करणे हे मोठे यश नव्हे. या मालिकेचे खरे बळ असे की, तिच्यातील संचारी भयाखाली एक स्थायी भाव अखंड वाहत असतो, आणि तो विश्वनाथाने ज्याला वत्सल रसाचे अधिष्ठान मानले त्या वात्सल्याचा आहे. कुत्रा भित्राच राहतो, त्याचे भय कधीच नाहीसे होत नाही. म्युरिएलवरील प्रेमामुळे तो भीत भीतच कृती करतो. शौर्याची ही व्याख्या नेहमीच्या शूरकथांहून अधिक प्रामाणिक आहे. शिवाय येथील अनेक राक्षस दुष्ट नसून दुःखी असतात. एका दीर्घ कथेतील डॉक्टर झालोस्त तोफेतून दुःखाचे गोळे डागून साऱ्या जगाला खिन्न करतो, आणि त्याच्यावर उतारा पडतो तो म्युरिएलच्या हातच्या आलुबुखारांचा. स्लाव भाषांत त्याच्या नावाचा अर्थच शोक असा आहे.

मालिकेच्या शेवटच्या भागात दोन कथा आहेत, आणि दोन्ही आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिलीचे नाव मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीच्या इंग्रजी शीर्षकावर श्लेष करते. तिच्यात कुत्र्याला आपले बालपण आठवते: एका क्रूर पशुवैद्याने त्याच्या आईबापांना अग्निबाणात बसवून अंतराळात धाडले होते. मुलांसाठीची एक मालिका निरोप घेताना स्मरणाचा विषय निवडते, आणि ते स्मरण रंजक नव्हे तर दुःसह आहे असे दाखविते, ही लक्षणीय गोष्ट आहे. दुसऱ्या कथेत, प्रत्येक गोष्ट अचूक करावयास शिकविणारी एक कठोर शिक्षिका येते, आणि कुत्र्याची सुटका होते ती, परिपूर्ण असे काही नसतेच, या साध्या आश्वासनाने. या दोन कथा एकत्र ठेवल्या की मालिकेचा सारा विचार हाती येतो. पूर्वायुष्य सुंदर नव्हते, आपणही निर्दोष नाही. तरी जगता येते.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. ही हुरहुर कशाची?

'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो. कोणाही प्रियजनाचा विरह नसताना आपल्याला उत्कंठा का वाटावी हे त्याला उमगत नाही, आणि हे कोणत्या तरी जन्मांतरीच्या सौहृदांचे, नकळत होणारे स्मरण असावे असे तो म्हणतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत याच प्रसंगाचा आधार घेतला आहे, आणि येथील स्मृती ही तार्किकांना अभिप्रेत असलेली, पूर्वानुभूत विषयाची स्मृती नव्हे, असा महत्त्वाचा भेद केला आहे. विशिष्ट वस्तू डोळ्यांसमोर नाही, काळ-वेळ आठवत नाही, आणि तरीही प्रतीती साक्षात आहे, अशी ही अवस्था आहे.

विलक्षण कार्टूनपटांविषयी बोलणाऱ्या माणसांची भाषा ऐकली तर तिचे या अवस्थेशी असलेले साम्य लक्षात येते. त्यांना नाव आठवत नाही, कथा आठवत नाही. एखादी प्रतिमा तेवढी शिल्लक असते. माळावरची आकृती, हलणारे ओठ, भुंकणारे मांजर. याला एक भौतिक कारणही आहे. त्या काळातील दूरचित्रवाणी हे एकदाच घडणारे माध्यम होते. कार्यक्रम लागला, पाहिला, संपला. पुस्तकाप्रमाणे पान मागे उलटण्याची सोय नव्हती आणि घरातील मोठी माणसे बहुधा शेजारी बसलेली नसत. त्यामुळे त्या अनुभवाला साक्षीदार नव्हता. ओळखीची कथा असती तर मनाने उरलेले भाग स्वतःच भरून काढले असते. पण जी कथा कोणत्याच साच्यात बसत नव्हती तिची केवळ प्रतिमा उरली, आणि ते खरेच पाहिले की स्वप्न पडले, हा संशयही तिच्याबरोबर उरला. पुढे प्रौढपणी दुसऱ्या कोणी तीच प्रतिमा वर्णिली की जो आनंद होतो, तो बालपण परत मिळाल्याचा आनंद नसतो. आपण एकटे नव्हतो, आपली प्रतीती खोटी नव्हती, याची ती खातरजमा असते. येथे स्मरण व्यक्तीला स्वतःत कोंडून घालीत नाही. उलट तिच्या खाजगी अनुभवाचे साधारणीकरण करते. रसविघ्न आणि रसानुकूल स्मृती यांतील सीमारेषा मला येथे दिसते.

मात्र दुष्यंताला अंगठी सापडते, तशी ही जुनी चित्रेही आता सहज सापडू लागली आहेत, आणि ओळख पटणे हा नेहमीच सुखाचा प्रसंग नसतो. पुन्हा पाहिल्यावर 'क्लच कार्गो'त ओठांखेरीज काहीच नाही असे कळते. 'रॉकी'तील चित्रे पूर्वीपेक्षा गबाळी वाटतात आणि संवाद पूर्वीपेक्षा तल्लख. डाइच यांच्या तेरा लघुपटांपैकी दोन-तीनच टिकतात. 'करेज'मध्ये मात्र भय कमी झाले तरी करुणा वाढलेली आढळते, कारण म्हातारीचे एकाकीपण बालकाला दिसले नव्हते. दुसऱ्या दर्शनात जी कृती वेगळे काही देते तिचे विलक्षणपण खरे. जी केवळ पहिल्या दर्शनाची आठवण करून देते तिचे विलक्षणपण बालपणाकडून उसने घेतलेले.

या कसोटीचा उपयोग केवळ जुन्यासाठी नाही. विचित्रपणालाही आता बाजारभाव आलेला आहे. पूर्वी अपघाताने किंवा तळमळीने जे निर्माण झाले, ते आज ठरवून, मापून, जुन्या आठवणींना गळ टाकण्यासाठी निर्माण करता येते. अशा कृतींत प्रेक्षकाने कोठे दचकावे, कोठे गहिवरावे हे आधीच निश्चित झालेले असते. म्हणजे वरवर विचित्र असूनही त्या अंतर्यामी अत्यंत आज्ञाधारक असतात. ज्या जुन्या कृतींसाठी लोक हुरहुरतात त्यांचा विशेष याच्या उलट होता. बालकाला काय वाटेल हे त्यांच्या कर्त्यांनी गृहीत धरलेले नव्हते. कधी निष्काळजीपणामुळे, कधी दारिद्र्यामुळे, आणि क्वचित, पण तेव्हाच ते कलेच्या पदवीला पोहोचले, बालकाच्या मनाविषयीच्या आदरामुळे. या तीन कारणांत भेद न करता सर्वांना सारखेच कवटाळणे हे स्मरणरंजन, आणि तो भेद करणे ही समीक्षा.

आपल्या भाषांतील बालवाङ्मयाच्या समीक्षेने संस्कार, बोध आणि सुबोधता या तीन निकषांवर फार भर दिला आहे. न कळणे, दचकणे आणि बराच काळ अनिर्णीत राहणे यांचेही बालकाच्या आस्वादात काही स्थान आहे का, हा प्रश्न त्या निकषांत मावत नाही. या माध्यमाचा इतिहास तरी असे सुचवितो की, ते स्थान मोठे आहे, आणि त्याची साक्ष देणाऱ्या पिढ्या अद्याप हयात आहेत. निरनिराळ्या भाषांतील अभ्यासकांनी आपापल्या प्रदेशात ही साक्ष गोळा करून, ती कसोटीला लावून पाहिली, तर बालवाङ्मयाच्या आपल्या कल्पनेतच काही पालट करावा लागेल असे मला वाटते.